चिनी झांज : तिचा आवाज व तिचे गुणधर्म

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या शाळेच्या बँडची खोली साफ करण्याचें काम आम्हां चौघां विद्यार्थ्यांकडे आलें होतें. कपाटाच्या तळाशीं, ढोलांच्या जुन्या चामड्यांखालीं, एक मोठी झांज निघाली. ती आमच्या नेहमींच्या झांजांसारखी नव्हती. तिचा मधला उंचवटा वाटीसारखा गोल नसून डब्याच्या झांकणासारखा चपट्या माथ्याचा होता, आणि तिचा कांठ सबंध परिघावर उलट दिशेनें वळलेला होता. तिच्यावर कोणीं तरी जड वस्तु ठेविल्यामुळें कांठ मुडपला असावा, असें मला वाटलें. मोडींत घालावयाच्या जुन्या पितळी सामानाचा ढीग शेजारींच होता. झांज त्यांत जाऊं नये, तिला आपण नीट करून दाखवावें, अशा सद्हेतूनें मीं हातोडी घेतली, झांज फरशीवर ठेविली आणि तिचा कांठ ठोकून सरळ करण्यास आरंभ केला. चवथ्या कीं पांचव्या घावास ‘टच्’ असा बारीक आवाज झाला, आणि कांठापासून आंत बोटाच्या पेराएवढी चीर गेली.

इतक्यांत आमचे बँडमास्तर खोलींत आले. ते रागावतील अशी माझी खात्री होती. त्यांनीं झांज उचलली, चिरेवरून अंगठा फिरविला, आणि एवढेंच विचारलें, “अरे, ही वांकडी झाली आहे हें तुला कोणीं सांगितलें?” मला उत्तर देतां आलें नाहीं. ती झांज बिघडलेली नव्हती. ती चिनी घाटाची झांज होती, आणि वळलेला कांठ हाच तिचा प्राण होता. त्या दिवशीं मास्तरांनीं जें समजावून सांगितलें व त्यानंतर मीं जें वाचलें व ऐकलें, त्याचा सारांश पुढें देत आहें. जी चूक माझ्या हातून झाली ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊं नये, हा या लेखाचा पहिला हेतु होय.

झांज हें वाद्य आपणांस अपरिचित नाहीं. वारकऱ्यांचे टाळ, आरतीच्या झांजा, मिरवणुकींत ढोलताशांबरोबर घुमणाऱ्या मोठ्या झांजा हीं सर्व एकाच कुळांतील वाद्यें. मात्र आपल्याकडे झांजांची जोडी असते व एक दुसरीवर आपटून नाद काढितात. पाश्चात्य ड्रमसेटमध्यें, म्हणजे एकाच वादकानें हातापायांनीं वाजवावयाच्या ढोलांच्या व झांजांच्या संचामध्यें, बहुतेक झांजा एकेकट्या स्टँडवर बसविलेल्या असतात व त्यांवर लांकडी काठीनें आघात करितात. अशा झांजांचीं मुख्यतः दोन घराणीं मानितात : एक तुर्की व दुसरें चिनी.

तुर्की घराण्याची झांज आपल्या डोळ्यांस ओळखीची असते. मध्यें गोल घुमट, त्यापासून कांठापर्यंत हळूहळू उतरत जाणारें अंग, आणि पातळ सरळ कांठ. कॉन्स्टँटिनोपल शहरांत १६२३ सालीं आर्मेनियन वंशाच्या झिल्जन कुटुंबानें असल्या झांजांचा कारखाना काढिला. पुढें १९२९ सालीं त्या कुटुंबांतील एका शाखेनें अमेरिकेंत हा उद्योग सुरू केला, व तुर्की घाटाची झांज जगभर पसरली. चिनी झांजेचें रूप याहून वेगळें. तिचा घुमट बहुधा उभट व चपट्या माथ्याचा असतो. अंग किंचित् उतरतें. परंतु कांठाजवळ पोंचतांच तेथें एक ठसठशीत मोड येतो व शेवटची दोन बोटें रुंदीची पट्टी उलट वर उचलली जाते. पत्र्याच्या ताटाची कड जशी वर उचललेली असते, तसेंच हें दिसतें. घुमट, अंग, मोड व कड हीं चार नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेविलीं म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

या वाद्याचा इतिहास आपणांस जवळचा आहे. झांजेचा उगम पश्चिम आशियांत झाला असें मानितात. तेथून ती निरनिराळ्या वाटांनीं पसरली. आणि भारत व मध्य आशिया यांच्या मार्गानें, इसवी सनाच्या चवथ्या शतकाच्या सुमारास, ती चीनमध्यें पोंचली असें अभ्यासकांचें मत आहे. बौद्ध मंदिरांतील उपासनेंत तिला स्थान मिळालें. दुन्ह्वांगजवळील लेण्यांच्या भिंतींवर जीं चित्रें आहेत, त्यांत वादकांच्या मेळ्यांत झांजा धरिलेले वादकही दिसतात. चिनी भाषेंत या वाद्यास ‘बो’ असें नांव आहे. म्हणजे जिला आपण परदेशी म्हणून नवलानें पाहतों, ती आपल्याच टाळांची दूर देशीं वाढलेली बहीण आहे.

चीनमध्यें हिचा खरा थाट नाटकांत दिसतो. पेकिंगच्या संगीत नाटकांत रंगभूमीच्या बाजूस वादकांचे दोन मेळे असतात. एक तंतुवाद्यांचा व मुरलीचा, दुसरा आघातवाद्यांचा. या दुसऱ्या मेळ्यांत एक लहान, कडक आवाजाचा ढोल व लांकडी चिपळी घेतलेला म्होरक्या असतो. त्याच्या खुणेवर मोठा गाँग, लहान गाँग व झांजांची जोडी हीं वाद्यें चालतात. सरदाराचा प्रवेश, दोन वीरांचें युद्ध, एखाद्या पात्राच्या मनांत अकस्मात् झालेला पालट, हें सर्व प्रेक्षकांस या वाद्यांवरून कळतें. आपल्याकडे तबल्याचे बोल असतात, तसेच या वाद्यांचेही बोल आहेत व शिष्य ते तोंडानें म्हणून शिकतात. मोठ्या गाँगचा बोल ‘त्सांग’, लहान गाँगचा ‘थाय’, आणि झांजेचा ‘ची’ किंवा ‘त्साय’. हा ‘त्साय’ शब्द मोठ्यानें उच्चारून पाहावा. आरंभीं दातांवर आपटणारा वारा, मग पसरणारा स्वर, आणि तत्काळ शेवट! चिनी झांजेच्या आवाजाचें याहून नेमकें वर्णन लेखणीनें करणें कठीण आहे. सिंहनृत्याच्या वेळींही ढोल, गाँग व झांजा यांचाच गजर असतो. आणि जेथें जेथें चिनी लोक जाऊन राहिले, तेथें तेथें नव्या वर्षाच्या सणाबरोबर हा गजरही गेला.

आतां ही झांज कशाची करितात तें पाहूं. उत्तम झांजेची धातु म्हणजे कांसें होय. सामान्यतः शंभर भागांत सुमारें ८० भाग तांबें व २० भाग कथील असें हें मिश्रण असतें. आपल्या घरांतील पायाला तूप चोळण्याची कांशाची वाटी किंवा आजीच्या वेळची कांशाची थाळी याच जातीच्या धातूची. तिच्यावर नुसती टिचकी मारली तरी ती किती वेळ गुणगुणत राहते, हें पुष्कळांनीं लहानपणीं अनुभविलें असेल. स्वस्त झांजांत कथिलाचें प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत उतरतें, किंवा तांबें व जस्त यांचें पितळच वापरितात. पितळी झांज दिसावयास झळझळीत असली तरी तिचा आवाज बोथट व लवकर विझणारा असतो.

अधिक कथिलाचें कांसें मोठें मानी असतें. थंड असतांना तें कठीण व ठिसूळ असतें. हातोडीचा जोर लागला कीं तें वांकण्याऐवजीं तडकतें. माझ्या घावांनीं नेमकें हेंच घडलें. तेंच कांसें भट्टींत लाल होईपर्यंत तापविलें कीं ठोकून हवा तो आकार घेतें. याहून नवल असें कीं, पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें तर तें कडक व ठिसूळ होतें, परंतु कांसें तसेंच लाल असतांना पाण्यांत बुडविलें तर त्याचा ठिसूळपणा पुष्कळ कमी होतो. चीनमधील हूबै प्रांतांतील वूहान हें शहर गाँग व झांजा बनविण्याविषयीं प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांची परंपरागत रीत हीच : तापवावें, ठोकावें, पुनः तापवावें, बुडवावें, आणि शेवटीं थंड झाल्यावर हलक्या हातानें ठोकून स्वर जुळवावा. या शेवटच्या ठोकण्यांत कारागिराचा कान व हात यांची कसोटी लागते. झांजेच्या पाठीवर जे लहान लहान खळगे दिसतात ते या ठोकण्याच्या खुणा होत. त्या पुसून काढण्यासारखे दोष नव्हेत.

आवाजाचें कारण समजावयाचें तर थोडें शास्त्र पाहणें अवश्य आहे. तार छेडिली असतां तिच्यांतून एक मूळ स्वर निघतो, व त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपांचे सूक्ष्म स्वर त्यांत मिसळतात. या सरळ हिशोबामुळें कानास एक निश्चित स्वर ऐकूं येतो. धातूच्या पत्र्याचे कंप असल्या हिशोबांत बसत नाहींत. एर्न्स्ट क्लाड्नी नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १७८७ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांत एक सुंदर प्रयोग दिला. धातूच्या पत्र्यावर बारीक वाळू पसरावयाची व पत्र्याच्या कडेवर सारंगीचा गज ओढावयाचा. पत्रा जेथें कांपतो तेथून वाळू उडते, जेथें स्थिर राहतो तेथें सांचते, आणि रांगोळीसारख्या आकृति उमटतात. प्रत्येक आकृति म्हणजे कंपाचा एक स्वतंत्र प्रकार. झांजेंत असले प्रकार अगणित असतात, व त्यांचे कंप एकमेकांच्या पटींत नसतात. म्हणून झांजेस ‘सा’ किंवा ‘प’ असा स्वर सांगतां येत नाहीं. ती कोणत्याही रागांत बेसूर होत नाहीं याचेंही कारण हेंच.

दुसरी गोष्ट याहून मौजेची आहे. झांजेवर हळू आघात केला तर ती मंद गुणगुणते. जोरानें केला तर नुसता तोच आवाज मोठा होत नाहीं, तर आवाजाची जातच बदलते. मोठ्या हालचालींची शक्ति पत्र्याच्या वांकणांतून बारीक व जलद कंपांत वाहूं लागते. शास्त्रज्ञांनीं मोजून पाहिलें तेव्हां असें आढळलें कीं, आघातानंतर एक ते दोन शतांश सेकंदांत दर सेकंदास ७०० ते १००० कंपांचे नाद वाढतात, आणि ज्यास आपण झांजेची चमक म्हणतों ते दर सेकंदास ३००० ते ५००० कंपांचे नाद त्यानंतर, म्हणजे एक विंशांश ते एक दशांश सेकंदाच्या आंत, आपल्या शिखरास पोंचतात. म्हणजे झांजेचा झणत्कार काठीबरोबर जन्मत नाहीं. तो काठीच्या मागून फुलतो. तुर्की झांजेंत हें फुलणें सावकाश व दीर्घ असतें. ‘झन्न’ असा नाद उठून, पसरून, कितीतरी वेळ हवेंत विरत राहतो.

चिनी झांजेंत मोड व उलटी कड यांमुळें हा सर्व व्यवहार पालटतो. सपाट पत्रा सहज लवतो, पण त्यासच पन्हळी घातल्या कीं तो छपराचें ओझें पेलतो. वांकणामुळें पातळ पत्र्यासही ताठपणा येतो, हा त्याचा अर्थ. चिनी झांजेचें अंग पातळ असतें, म्हणून ती काठीस तत्काळ उत्तर देते. तिची कड मात्र मोडामुळें ताठ असते, म्हणून तुर्की झांजेप्रमाणें कांठ मोकळेपणानें लांबवर लहरत राहत नाहीं. परिणामीं आवाज एकदम उसळतो, त्यांत खरखरीत, कर्कश असा अंश पुष्कळ असतो, व तो लवकर ओसरतो. तापलेल्या तेलांत ओला कढीलिंब पडला असतां क्षणांत जो ‘चर्र’ असा आवाज उठतो व तसाच बसतो, त्याची येथें आठवण होते. मात्र या चरचरण्याखालीं गाँगसारखा एक काळोखा, खोल हुंकारही असतो. नवख्या कानास पहिला अंश तेवढा ऐकूं येतो व पातेलें फरशीवर पडल्याचा भास होतो. सरावलेल्या कानास दुसराही ऐकूं येतो, आणि मग तीच झांज गोड वाटूं लागते.

सगळ्याच चिनी झांजा एकसारख्या वाजतात असें नाहीं. व्यास, जाडी व घुमट या तीन गोष्टींवर त्यांचा स्वभाव ठरतो. ८ ते १२ इंच व्यासाच्या लहान झांजा फुत्कार टाकून लागलीच गप्प होतात. १६ व १८ इंचांच्या झांजा जोरदार ठोक्यासाठीं अधिक प्रचारांत आहेत. २० व २२ इंचांच्या झांजांचा नाद खोल असतो व अधिक रेंगाळतो. त्यांवर काठीच्या टोंकानें सतत ताल धरितां येतो. पातळ झांज लवकर बोलते व तिचा आवाज खालच्या पट्टींत असतो. जाड झांज उंच, कडक व दूरवर ऐकूं जाणारी असते. चपट्या माथ्याच्या घुमटावर ठोका दिला तर कोरडा, डब्यासारखा आवाज येतो, म्हणून त्याचा उपयोग थोडा. कांहीं झांजांस चिनी कड असून घुमट मात्र तुर्की पद्धतीचा गोल असतो. त्यांस इंग्रजींतून आलेलें ‘स्विश’ हें नांव आहे. ज्यांचें अंग अधिक सपाट व कड आंखूड असते त्यांस ‘पँग’ म्हणतात. कधीं कधीं अंगावर भोंकें पाडून त्यांत सैल खिळे बसवितात. झांज कांपूं लागली कीं खिळे तिच्यावर नाचतात, आणि लवकर संपणाऱ्या आवाजास घुंगरांसारखी सळसळती शेपटी मिळते.

चिनी झांज पाश्चात्य वादकांच्या हातीं कशी गेली, ही हकीकत विचार करावयास लावणारी आहे. सोन्याच्या शोधाच्या काळांत पुष्कळ चिनी लोक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले, व १८५२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें चिनी नाटकमंडळीचे खेळ झाले. पुढें त्या लोकांविषयीं तेथें द्वेष वाढला. १८८२ सालीं चिनी मजुरांस अमेरिकेंत येण्याची बंदी करणारा कायदा झाला, आणि तो १९४३ सालापर्यंत उठला नाहीं. परंतु याच काळांत तेथील नाचगाण्याच्या मेळ्यांतील ढोलवाले चिनी ढोल, लांकडी ठोकळे व चिनी झांजा जमवून आपला संच सजवीत होते. १९०९ सालीं लुड्विग बंधूंनीं मोठा ढोल पायानें वाजविण्याचें सुधारलेलें पेडल विकण्यास आणलें, हात मोकळे झाले, आणि जॅझ संगीताच्या आरंभींच्या ड्रमसेटांत चिनी वाद्यें मानानें बसलीं. माणसांस दार बंद व त्यांच्या झांजेस दार उघडें, असा तो विलक्षण न्याय होता. पुढें चिनी ढोलांची जागा नव्या, स्वर जुळवितां येणाऱ्या ढोलांनीं घेतली; झांज मात्र टिकली.

ती कां टिकली, हें मेल लुइस या अमेरिकन वादकाच्या उदाहरणावरून कळेल. १९६६ सालच्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क शहरांत थॅड जोन्स व मेल लुइस यांचा मोठा जॅझ वाद्यवृंद दर सोमवारीं वाजूं लागला. १९९० सालीं वारला तोंपर्यंत लुइस त्या वृंदाचा ढोलवादक होता. त्याच्या संचांत खिळे बसविलेली मोठी चिनी घाटाची झांज असे. सर्व तुताऱ्या व रणशिंगें एकदम गर्जूं लागलीं म्हणजे तो तुर्की झांज सोडून तिच्याकडे वळे. कर्कश म्हणून जी एकटी ऐकवत नाहीं, तीच त्या गर्जनेच्या पाठीशीं भरदार पडद्यासारखी उभी राहते व सर्वांस एकत्र बांधिते. अलीकडच्या रॉक व मेटल संगीतांत हिचा उपयोग वेगळा आहे. तेथें विजेच्या गिटारांच्या दाट गोंगाटांतून आरपार जाणारा, नेमका व चटकन् संपणारा ठोका हवा असतो, आणि तो हिच्याइतका दुसरी कोणतीही झांज देत नाहीं. एकाच वाद्याचे हे दोन परस्परविरुद्ध उपयोग पाहिले म्हणजे वाद्याचा गुण हा बराचसा त्याच्या जागेवर व वादकाच्या विवेकावर अवलंबून आहे, हें पटतें.

आतां वाजविण्याच्या रीतीविषयीं. चिनी झांज स्टँडवर बहुधा पालथी बसवितात, म्हणजे घुमट खालीं व कडही खालीं झुकलेली. सुलटी बसविली तर वर आलेली धारदार कड काठीच्या आड येते. काठीच्या चिपा उडतात व कडेसही इजा होते. पालथी बसविली कीं मोडाची गोलाई वर येते, आणि काठीचा मधला भाग त्या गोलाईवर पडून पूर्ण आवाज उमटतो. कांहीं कारखानदार घुमटच उलट दिशेस काढितात, म्हणजे झांज पालथी न करितां तोच लाभ होतो. आघात सरळ खालीं दाबून करूं नये. किंचित् बाजूस सरकता करावा व काठी लगेच उचलावी. झांज खिळ्याशीं घट्ट आवळूं नये. भोंकांत रबरी नळी व वर-खालीं नमद्याच्या चकत्या घालून ती मोकळी डुलूं द्यावी. घट्ट बांधिलेल्या झांजेचा आवाज गुदमरतो, आणि न डोलतां आलेली धातु शेवटीं भोंकाजवळ किंवा कांठाशीं तडकते.

निगा राखण्याचे नियम थोडे आहेत. वाजवून झाल्यावर कोरड्या मऊ फडक्यानें बोटांचे ठसे पुसावे. चिंच, राख किंवा वाळू यांनीं भांड्याप्रमाणें घासूं नये. चकाकी वाढली तरी धातु झिजते. झांज कडेवर उभी टेकून ठेवूं नये. आणि जाणकारावांचून कोणीही तिच्यावर हातोडी चालवूं नये, हें मीं निराळें सांगावयास नको.

आणखी एक नियम झांजेविषयीं नसून कानांविषयीं आहे. लहान बंद खोलींत जवळून वाजविलेल्या झांजेचा आवाज १०० डेसिबलांच्या वर सहज जातो. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या सरकारी संस्थेनें सुचविलेल्या मर्यादेप्रमाणें ८५ डेसिबलांचा आवाज दिवसांतून ८ तास सोसावा, आणि पुढें दर ३ डेसिबलांस हा वेळ निम्मा करावा. या हिशोबानें १०० डेसिबलांस अवघीं १५ मिनिटें उरतात. कानाच्या आंतील ज्या सूक्ष्म पेशी नाद टिपतात त्या एकदां नष्ट झाल्या कीं पुनः उगवत नाहींत. म्हणून सरावाच्या वेळीं कानांत बोळे घालणें हा भित्रेपणा नव्हे. जो कान राखील, तोच म्हातारपणींही झांज ऐकेल.

माझ्या हातून गेलेल्या चिरेचें काय झालें, तें सांगून लेख पुरा करितों. मास्तरांनीं चिरेचें टोंक भिंगानें शोधून तेथें बारीक भोंक पाडिलें. चिरेचें टोंक सुईसारखें अणकुचीदार असतें व कंपाचा सारा ताण त्या एका बिंदूवर येतो, म्हणून चीर पुढें पुढें धांवते. भोंकाच्या गोल कडेवर तोच ताण वांटला जातो व चीर थांबते. झांज वांचली. मात्र त्या बाजूस आघात करावयाचा नाहीं, असें त्यांनीं बजाविलें, आणि खूण म्हणून घुमटाजवळ खडूनें एक रेघ ओढली. मग ती झांज त्यांनीं माझ्याच स्वाधीन केली. “ज्यानें चीर पाडली, त्यानेंच ती सांभाळावी,” असें ते म्हणाले.

वार्षिक संमेलनांत आमच्या बँडनें जें शेवटचें गीत वाजविलें, त्यांत माझ्या वांट्यास तीनच ठोके आले. पहिल्या तालमींत मीं ते इतक्या जोरानें दिले कीं बासरीवाल्या मुलांनीं वाजविणें थांबविलें. “ही फारच कर्कश आहे,” असें मीं म्हणतांच मास्तर हंसून म्हणाले, “नाचतां येईना, अंगण वांकडें!” त्यानंतर जवळजवळ महिनाभर मी काठीचा भार कमी करीत व तिन्ही ठोक्यांच्या मधला वेळ मोजीत राहिलों. ठोक्यापेक्षां ही वाट पाहणेंच अधिक कठीण होतें. संमेलनाच्या रात्रीं पहिला ठोका किंचित् उशिरां पडला. दुसरा बरा पडला. तिसऱ्याच्या वेळीं सर्व तुताऱ्या वर चढल्या, काठी मोडावर पडली, आणि आमच्या मोडींत निघालेल्या झांजेचा नाद साऱ्या वाद्यांच्या मागें एकदम फुलून, कोणास अडथळा न करितां, नाहींसा झाला.

श्रोत्यांपैकीं बहुतेकांच्या तो लक्षांतही आला नसेल. बासरीवाल्या मुलांनीं मात्र या खेपेस वाजविणें थांबविलें नाहीं. झांज सध्यां माझ्याच कपाटांत आहे. खडूची रेघ पुसट झाली कीं मी ती नव्यानें ओढतों.